दोन किलोमीटरच्या पुढचे झुलते पूल: आधी कोण हरतं, केबल की वारा?

झोळकर

झुलत्या पुलाचा गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) किती लांबवता येईल असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पोलादाची तार तुटेपर्यंत. हे उत्तर कागदावर तपासू आणि मग वाद घालू.

केबलचा आडवा ओढा = प्रतिमीटर भार × गाळ्याचा वर्ग ÷ (८ × झोळ). झोळ म्हणजे केबल मध्यावर जितकी खाली लोंबते ते. झोळ गाळ्याच्या दहाव्या हिश्शाइतका धरला तर मनोऱ्यापाशी, जिथे ताण सर्वांत जास्त असतो, केबलला नुसत्या स्वतःच्या वजनाने दर १००० मीटर गाळ्यामागे सुमारे १०४ मेगापास्कल ताण बसतो. केबल जाड केली तरी हा आकडा बदलत नाही, कारण वजन आणि क्षेत्रफळ बरोबरच वाढतात.

तार १७७० मेगापास्कलची आणि सुरक्षा गुणांक २.२ घेतला तर वापरता येतात सुमारे ८०५. म्हणजे ७.७ किलोमीटरच्या आसपास केबल फक्त स्वतःला पेलते, डेकसाठी (रस्ता वाहणारा भाग) शून्य उरतं. ही झाली सैद्धांतिक कड.

आता डेक, डांबरी थर, वाहनं मिळून मीटरला ३०० किलोन्यूटन (ढोबळ ३० टन) धरा. एकूण भारात केबलच्या वजनाचा वाटा असा येतो: १००० मीटरला १३ टक्के, २००० ला २६, ३३०० ला ४३ आणि ५००० ला ६४ टक्के. २००० मीटरला दोन्ही केबल मिळून १.३५ चौरस मीटर पोलाद लागतं, ५००० मीटरला ७ चौरस मीटर. महाग आहे, पण अशक्य नाही.

पडताळा हवा असेल तर जपानच्या आकाशी काइक्यो पुलाकडे बघा (१९९८, मुख्य गाळा १९९१ मीटर). एका केबलमध्ये ५.२३ मिलिमीटरच्या ३६,८३० तारा, म्हणजे ०.७९ चौरस मीटर. दाबून झाल्यावरही २० टक्के पोकळी राहते असं धरलं तर व्यास १.१२ मीटर येतो, आणि प्रत्यक्षातला व्यास तेवढाच आहे.

तेव्हा माझं म्हणणं: इटलीतल्या मेस्सिना सामुद्रधुनीवरच्या पुलाचा ३३०० मीटरचा आराखडा असो की त्याच्याही पुढचा कुठला, केबल तुटेल म्हणून थांबायची वेळ लवकर येत नाही. मग गाडी दोन किलोमीटरच्या आसपासच का रेंगाळते आहे?

काटकोन

झोळ वाढवला की ताण कमी होतो ना? मग १/१० ऐवजी १/७ घ्या, प्रश्न मिटला.

झोळकर

ताण कमी होईल, पण २००० मीटरच्या गाळ्याला १/७ म्हणजे २८६ मीटरचा झोळ. त्याखाली हँगरची (केबलला डेक टांगणारे उभे दोर) किमान लांबी, डेकची जाडी आणि जहाजांसाठी ६५-७० मीटर मोकळी उंची मिळवा. मनोरा ३६० मीटरच्या घरात गेला. आकाशीचे मनोरे २९८ मीटरचे आहेत, तुर्कस्तानातल्या १९१५ चानाक्काले पुलाचे (२०२२, गाळा २०२३ मीटर) ३१८ चे. हँगरही सगळे लांब होतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. केबलच्या जोरावर उभ्या असलेल्या पुलाच्या पहिल्या विषम (गाळ्याचा एक अर्धा वर, दुसरा खाली) उभ्या हेलकाव्याची वारंवारिता ढोबळमानाने √(गुरुत्व ÷ ८ झोळ) इतकी येते. यात वजन नाही, गाळाही नाही, फक्त झोळ. २०० मीटर झोळाला ०.०७८ हर्ट्झ, म्हणजे एका हेलकाव्याला जवळजवळ १३ सेकंद. ३०० मीटरला १५.६ सेकंद. झोळ वाढवाल तितका पूल आळशी होत जातो. म्हणून सगळे १/९ ते १/११ मध्येच घुटमळतात. मेस्सिनाचा झोळ १/११ ठेवलाय तो उगाच नाही.

भोवरा

झोळकर, गणित चोख आहे, पण गाडी का रेंगाळते याचं उत्तर तुमच्याच टक्केवारीत दडलंय.

फ्लटर म्हणजे डेकची उभी हालचाल आणि पीळ एकमेकांत गुंतणं. वारा वाढतो तशी पिळाची वारंवारिता खाली येते, उभ्या हालचालीची थोडी वर सरकते. दोन्ही जुळल्या की वारा दर फेरीला पुलात ऊर्जा ओतायला लागतो आणि डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा रोध) ऋण होतं. त्या वेगाच्या वर पूल वाचत नाही. म्हणून स्थिर हवेतलं पीळ आणि उभ्या वारंवारितेचं गुणोत्तर जितकं मोठं तितकं बरं. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पूर्व पुलात (१९९८, १६२४ मीटर) ते साधारण ०.२७ ला ०.१० आहे, म्हणजे २.७ पट. मेस्सिनाच्या आराखड्यात ०.०८ ला ०.०६, जेमतेम १.३ पट.

हे का घसरतं? पिळाचा कडकपणा दोन ठिकाणांहून येतो. पहिलं ठिकाण बंद बॉक्स गर्डर, म्हणजे डेकची पेटीसारखी पोकळ तुळई. त्याचा वारंवारितेच्या वर्गातला वाटा गाळ्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, तर केबलचा वाटा फक्त गाळ्याच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे गाळा वाढला की बॉक्सचा उपयोग आधी संपतो. उरतात दोन केबल, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. नुसत्या केबलच्या जोरावर ते गुणोत्तर येतं केबलमधलं निम्मं अंतर भागिले वस्तुमानाची परिभ्रमण त्रिज्या (वस्तुमान मध्यापासून सरासरी किती दूर पसरलंय ते). डेकचं वस्तुमान मध्याकडे पसरलेलं असतं, म्हणून त्रिज्या निम्म्या अंतरापेक्षा लहान आणि गुणोत्तर १ च्या वर. पण केबलचं सगळं वस्तुमान बरोबर त्या निम्म्या अंतरावरच असतं! केबलचा वाटा १३ वरून ४३ टक्क्यांवर गेला की त्रिज्या निम्म्या अंतराकडे सरकते आणि गुणोत्तर १ कडे.

थोडक्यात, केबलचं वजन केबल तोडत नाही, ते पुलाची पिळाविरुद्धची राखीव काढून घेतं. हरते केबल नाही, हरवतो वारा. पण वाऱ्याच्या हातात काठी दिली ती केबलनेच.

काटकोन

अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज पुलाचं हेच झालं ना? वाऱ्याच्या झोतांची लय पुलाच्या लयीशी जुळली, अनुनाद झाला आणि पूल पडला.

भोवरा

नाही. ही चूक पाठ्यपुस्तकांतून अजून जात नाही. ७ नोव्हेंबर १९४० ला वारा सुमारे ६८ किलोमीटर प्रतितास, म्हणजे १९ मीटर प्रतिसेकंद. गर्डर २.४ मीटर खोल. त्या वेगाला डेकमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारिता १ हर्ट्झच्या आसपास येते. पूल पिळत होता ०.२ हर्ट्झने. लय जुळलेलीच नव्हती. ते स्वतःच्या हालचालीनेच वाढत जाणारं पिळाचं डोलणं होतं: डेक हलल्यामुळे हवेचा दाब बदलतो आणि बदललेला दाब हालचाल आणखी वाढवतो.

अनुनादाचे उभे हेलकावे त्या पुलाला १ जुलै १९४० ला उद्घाटन झाल्यापासून येत होते. त्यांनी पूल पडला नाही. शेवटच्या दिवशी गाळ्याच्या मध्यावरचा केबल बँड (केबलभोवतीची पोलादी पकड) घसरला, दोन्ही बाजूंची केबल वेगवेगळी हलायला मोकळी झाली आणि उभ्या हेलकाव्याचा पीळ झाला. ८५३ मीटर गाळ्याला ११.९ मीटर रुंदी आणि बंद पेटी नाही, ठोकळ्यासारखा उघडा छेद. पिळाविरुद्ध जवळजवळ काहीच नव्हतं.

रिव्हेट

+१. बँड घसरल्याचा भाग बहुतेक जण गाळतात.

डेकच्या छेदाबद्दल भर घालतो. टॅकोमानंतर अमेरिकेची वाट खोल ट्रसची (त्रिकोणी जोडणीचा उघडा सांगाडा). आकाशीत हीच वाट टोकाला नेली: १४ मीटर खोल, ३५.५ मीटर रुंद ट्रस, मध्ये जाळीचा रस्ता आणि उभे स्थिरक. अट होती ७८ मीटर प्रतिसेकंदापर्यंत फ्लटर नको, आणि ती सिद्ध करायला १/१०० मापाची ४० मीटर लांब पूर्ण प्रतिकृती विंड टनेलमध्ये उभी केली. दुसरी वाट ब्रिटनची: सेव्हर्न (१९६६, ९८८ मीटर) पुलाचा सपाट, कडेला निमुळता बॉक्स. पोलाद कमी, वाऱ्याचा आडवा धक्का कमी.

एकसंध बॉक्सची मजल साधारण १६००-१७०० मीटरपर्यंत. पुढे डेक उभी चिरायची. दोन बॉक्स, मध्ये मोकळी फट, ठरावीक अंतरावर आडवे गर्डर. फटीतून खालचा-वरचा दाब मिटतो, पिळणारं बल घटतं. चीनचा शिहौमेन (२००९, १६५० मीटर) आणि चानाक्काले दोन्ही असे. मेस्सिनात तीन बॉक्स आहेत: कडेचे दोन रस्त्याचे, मधला रेल्वेचा, आणि दर बाजूला दोन-दोन मिळून चार केबल. गुणोत्तर १.३ असूनही तो आराखडा तग धरतो तो या हवेशीर छेदाच्या जोरावर. कडकपणा वाढवता येत नाही, तर वाऱ्याला पकडायला जागाच द्यायची नाही.

पण फट फुकट मिळत नाही. पुढच्या बॉक्सवरून सुटलेले भोवरे मागच्या बॉक्सवर आदळतात.

भोवरा

आणि तो प्रश्न कमी वाऱ्याचा. भोवऱ्यांची वारंवारिता = स्ट्रोहाल अंक (छेदाच्या आकारावर ठरणारा गुणक) × वेग ÷ छेदाची खोली. खोली ४.४ मीटर, अंक ०.१, पुलाची एक वारंवारिता ०.१३ हर्ट्झ घेतली तर वेग येतो ६ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली. झुळूक! यात पूल पडत नाही, कारण डोलणं ठरावीक पल्ल्यावर थांबतं. पण चालक घाबरतात, वाहतूक बंद ठेवावी लागते आणि जोडांचा थकवा वाढतो.

ग्रेट बेल्टचं डेक चढल्यावर नेमके हेच हेलकावे सुरू झाले. उपाय स्वस्त होता: बॉक्सच्या खालच्या कोपऱ्यांवर वक्र पत्र्याच्या मार्गदर्शक पट्ट्या बसवल्या, हवा कोपऱ्यातून सुटी न होता वळली आणि भोवरे मोडले.

चीनचा हुमेन पूल (८८८ मीटर) याहून शिकवणारा आहे. दोन दशकांहून जास्त वापरात असलेला पूल ५ मे २०२० ला अचानक डोलायला लागला. डागडुजीसाठी कडेने पाणी भरलेले प्लास्टिकचे अडथळे सलग मांडले होते, छेदाचा आकार तेवढ्याने बदलला. तेव्हा कठड्याची जाळी, केबल ट्रे, तात्पुरतं कुंपण, यातलं काहीही बदलण्याआधी छेदाची चाचणी करायची. देखभाल करणाऱ्यांना हे क्वचित सांगितलं जातं.

पाना

आराखड्यावर बरंच झालं. उभारणीत काय बिघडतं ते लिहितो.

आधी पथदर्शक दोर पलीकडे नेतात (आकाशीला हेलिकॉप्टरने नेला, कारण खाली जहाजांची वर्दळ). त्यावरून जाड दोर, मग कॅटवॉक (कामगारांची तात्पुरती पायवाट). मुख्य केबलचे दोन मार्ग: एकेक तार चाकावरून ओढत जागेवर विणणे, किंवा कारखान्यातून षटकोनी जुड्या आणणे. आकाशीत प्रत्येक जुडीत १२७ तारा आणि एका केबलला २९० जुड्या. १२७ तारांची जुडी मीटरला २१ किलोच्या वर भरते, त्यामुळे चार किलोमीटर लांबीला रीळच ८५ टनांच्या पुढे जातं. ओढताना जुडी पिळली तर तारा एकमेकींवर चढतात आणि पुढे दाबताना पोकळी राहते, म्हणून कडेची एक तार रंगवलेली असते. तिच्यावरची नजर हटवायची नाही.

खरी कसोटी झोळ जुळवण्याची. पहिली जुडी संदर्भ. तिची पातळी अनेक रात्री मोजून ठरवतात, बाकीच्या तिच्या सापेक्ष: शेजारणीला टेकेल न टेकेल इतक्या अंतरावर, पण दाबणार नाही अशी. रात्रीच का? १० अंश तापमानफरकाने २००० मीटर गाळ्यातली केबल २५ सेंटिमीटरने लांबते आणि १/१० झोळाला मध्यबिंदू त्याच्या १.८७ पट, म्हणजे जवळजवळ ४६ सेंटिमीटर खाली जातो. लांबीच्या दिशेने २ अंशांहून आणि छेदात १ अंशाहून जास्त फरक असेल तर जुळवणी करायची नाही. उन्हाने एक बाजू तापलेली असताना जुळवलेली जुडी कायमची कमी किंवा जास्त ताणलेली राहते.

सॅडलचं (मनोऱ्याच्या माथ्यावरचं केबल टेकायचं खोगीर) विसरू नका. मोकळ्या केबलच्या वेळी मनोऱ्यावरची सॅडल काठाच्या बाजूला मागे ठेवलेली असते. डेकचे तुकडे चढतात तशी ती जॅकने टप्प्याटप्प्याने पुढे ढकलतात, नाहीतर मनोऱ्याच्या बुडाशी वाकवणारा जोर मर्यादेबाहेर जातो. ढकलण्याचं वेळापत्रक आणि तुकडे चढवण्याचा क्रम एकाच गणितातून निघतो. एक बदलला तर दुसरा बदलायलाच हवा.

भोवरा

पाना यांनी लिहिलेल्या क्रमात वाऱ्याचा सर्वांत वाईट काळ दडलाय. मध्यापासून तुकडे चढवायला लागलात की पहिल्या १०-२० टक्क्यांत तुकडे तात्पुरत्या बिजागरांनी जोडलेले असतात, बॉक्सचा पिळाचा कडकपणा कामाला आलेलाच नसतो. फ्लटरचा वेग पूर्ण पुलाच्या बराच खाली. वादळी ऋतू टाळून वेळापत्रक लावणं हा पहिला उपाय. दुसरा, वारा येतो त्या कडेला तात्पुरतं वजन ठेवून वस्तुमानाचा मध्य वाऱ्याकडे सरकवणं. वाऱ्याची दिशा ठरलेली असेल तिथेच हे चालतं.

काटकोन

मूर्ख प्रश्न वाटेल, पण पोलादाऐवजी कार्बन तंतूची केबल घ्या. घनता पाचपट कमी, ताकद जास्त. झोळकरांची ७.७ किलोमीटरची कड कुठल्या कुठे जाईल.

झोळकर

मूर्ख नाही, कड खरंच पुढे जाते. आणि भोवरांनी सांगितलेली परिभ्रमण त्रिज्याही सुधारते. अडतं दुसरीकडे. पूल हलका झाला की हवेच्या तुलनेत त्याचं वस्तुमान कमी पडतं आणि भोवऱ्यांचे हेलकावे मोठे होतात. आडव्या वाऱ्यात पूल जास्त बाजूला झुकतो, कारण त्याला परत मध्यावर आणणारं बल म्हणजे त्याचंच वजन. जड वाहन आलं की केबलचा आकारही जास्त बदलतो. झुलत्या पुलात वजन ही नुसती अडचण नसते, तोच अर्धा कडकपणा असतो.

पाना

त्यात कार्बन तंतू लांबीला दणकट पण आडव्या दाबाला कच्चा. सॅडलचा दाब, केबल बँडचे बोल्ट, टोकाचं सॉकेट, तिन्ही ठिकाणी आडवाच दाब. तार मधे शाबूत राहील, पकडीत चिरडेल.

रिव्हेट

पोलादी तारच सुधारत गेली आहे. आकाशीला १८०० मेगापास्कलची तार मिळाली आणि सुरक्षा गुणांक २.५ वरून २.२ वर आणला, तेव्हा कुठे दर बाजूला दोनाऐवजी एका केबलवर भागलं.

अँकरेजचाही (केबलचं टोक जमिनीत धरून ठेवणारा ठोकळा) आकडा बघा. २००० मीटरच्या वरच्याच उदाहरणात दोन्ही केबलचा मिळून आडवा ओढा १ लाख टनांच्या पुढे. घर्षण ०.६ आणि घसरण्याविरुद्ध गुणांक २ धरला तर निव्वळ वजन ३.४ लाख टन हवं. केबल वर उचलते तो भाग आणि भूजलाने तरंगणारा भाग वेगळा मिळवायचा. आकाशीच्या एका अँकरेजचा पाया ८५ मीटर व्यासाचा आणि ६३.५ मीटर खोल आहे तो यासाठीच. चांगला खडक मिळाला तर बोगदा खणून अँकर करा, काँक्रीट कितीतरी वाचतं.

(अवांतर: पृथ्वी गोल असल्यामुळे मनोरे वर गेल्यावर एकमेकांपासून लांब जातात. ब्रिटनच्या हंबर पुलाचे ३६ मिलिमीटरने, आकाशीचे ९३. मेस्सिनाचे ३९९ मीटरचे मनोरे २० सेंटिमीटरने जातील.)

गंजरोधक

सगळे उभारणीपर्यंत येऊन थांबले. डेक बदलता येतं, हँगर बदलता येतात. मुख्य केबल बदलणं जवळजवळ अशक्य, म्हणून खरी लढाई तिच्या आतल्या ओलाव्याशी.

स्कॉटलंडचा फोर्थ रोड पूल (१९६४, १००६ मीटर) बघा. २००४ मध्ये केबल पहिल्यांदा उघडली. प्रत्येक केबलमध्ये ११,६१८ तारा, त्यांतल्या काही तुटलेल्या. ताकद ८ ते १० टक्के घटल्याचा अंदाज निघाला. वरून रंग ठीकठाक होता! लाल शिशाचा लेप, गुंडाळी तार आणि रंग ही जुनी पद्धत पाणी बाहेर ठेवते असं मानायचे. प्रत्यक्षात रंगाला तडा गेला की पाणी आत येतं, उताराने खालच्या भागाकडे वाहतं आणि बाहेर पडायला वाट नसते.

तपासणी अशी करतात: गुंडाळी काढून केबलच्या परिघावर सहसा आठ ठिकाणी पाचरी मध्यापर्यंत ठोकायच्या आणि फटीत दिसणाऱ्या तारांची प्रतवारी लावायची. पहिली पायरी जस्तावर ठिपके, दुसरी सगळीकडे पांढरा थर, तिसरी ३० टक्क्यांपर्यंत तांबडा गंज, चौथी त्याच्या वर. चौथ्या पायरीच्या तारांत भेगा शोधाव्याच लागतात, कारण गंजातून सुटलेला हायड्रोजन तार ठिसूळ करतो आणि ती आधी न लांबता एकदम तुटते. तुटलेली तार काही बँड ओलांडल्यावर घर्षणाने पुन्हा भार घेते, म्हणून तुटलेल्या तारा मोजताना शेजारच्या अनेक बँडांमधल्या तुकड्यांतल्या मिळवून धरायच्या.

उपाय म्हणजे कोरडी हवा. केबलवर हवाबंद पट्टा गुंडाळायचा आणि कोरडी केलेली हवा थोड्या दाबाने आत सोडायची. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की गंज जवळजवळ थांबतो, लक्ष्य ४० चं ठेवतात. आकाशीत ही व्यवस्था सुरुवातीपासून होती, फोर्थला नंतर बसवली. आत सोडलेल्या हवेचं मोजमाप करून समाधान मानू नका, बाहेर पडणाऱ्या हवेची आर्द्रता मोजा. हवा गळते ती बहुतेक बँडच्या सांध्यांतून. आणि बांधकामाच्या वेळी अडकलेलं पाणी निघायला महिने लागतात, पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर घाबरू नका.

पाना

बँडचा विषय निघालाच आहे तर बोल्टांचंही सांगतो. डेकचा भार आला की केबल ताणते आणि बारीक होते, तारा आत बसतात, जस्ताचा थरही दाबाखाली सरकतो. तिन्ही कारणांनी बोल्टचा ताण उतरतो. म्हणून बसवताना, डेक पूर्ण झाल्यावर आणि रस्त्याचा थर पडल्यावर असे किमान तीनदा बोल्ट ताणतात, पुढे ठरावीक वर्षांनी तपासतात. पाना फिरवून येणाऱ्या टॉर्कवर भरवसा ठेवू नका, जॅकने ओढा आणि बोल्टची लांबी मोजा. मनोऱ्याजवळचे बँड सर्वांत तिरके, तिथे बोल्टही जास्त आणि धोकाही.

घसरलेला बँड ओळखायची खूण सोपी आहे: वरच्या टोकाला रंग फाटून फट पडते, खालच्या टोकाला गुंडाळी तार चुरगळून गोळा होते.

काटकोन

आणि मध्यावरचे आखूड हँगर? ते आधी थकतात असं वाचलं होतं.

पाना

बरोबर वाचलंत. वाहनं आणि वाऱ्यामुळे डेक केबलच्या तुलनेत लांबीच्या दिशेने पुढेमागे सरकतं. १५० मीटरच्या हँगरला २० सेंटिमीटर सरकणं म्हणजे काहीच नाही, ३ मीटरच्या हँगरला तेच जवळजवळ ४ अंशांचं वाकणं, तेही सॉकेटच्या तोंडाशी आणि दिवसातून असंख्य वेळा. म्हणून मध्यावर केबल आणि डेक पक्क्या क्लॅम्पने बांधतात किंवा टोकांना हायड्रॉलिक बफर बसवतात. बफर असले की टोकाच्या बेअरिंगची घासटही वाचते. आखूड हँगरना दोन्ही दिशांनी वळू देणारे जोड द्या आणि पहिल्या दिवसापासून बदलता येतील असे ठेवा. बदलताना शेजारच्या दोघांवर भार जातो, तेवढी राखीव त्यांच्यात आराखड्यातच धरलेली हवी.